फोनलाही ढेळज हवी

एक साधी वही घ्या. आठवडाभर रात्री आठनंतर फोनवर कामाचा जो निरोप येईल तो तिच्यात उतरवून ठेवा. किती वाजता आला, कुणाचा होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला असता तर काय बिघडलं असतं, असे तीनच रकाने पाडा. तिसरा रकाना भरताना घाई करू नका, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. बहुतेक ओळींसमोर तुम्हाला ‘काही नाही’ असंच लिहावं लागेल. एखाद्याच ओळीसमोर मात्र ‘वेळेवर कळलं म्हणून बरं झालं’ असं लिहाल. हे दोन्ही निरोप एकाच यंत्रावर, एकाच ‘टिंग’सरशी येतात. आपली खरी अडचण तिथं आहे.

कंधार, उदगीर, औसा, देगलूर इकडच्या जुन्या वाड्यांना ढेळज असायची. मोठ्या दरवाजातून आत आलं की दोन्ही बाजूंना बसायची उंच जागा. सालगड्याचा हिशेब, बियाण्याची उधारी, सोयरिकीची पहिली बोलणी, सगळं तिथंच व्हायचं. बाहेरून आलेला माणूस तिथं बसायचा, पाणी प्यायचा, काम सांगायचा आणि परत जायचा. माजघरात काय चाललंय ते त्याला कळत नसे. घरचा माणूसही ढेळजेतून उठून आत आला की हिशेबाचं बोलणं तिथंच सोडून यायचा. त्या ढेळजेनं जातीपातीची आणि बाईमाणसाची जी अडवणूक केली ती कुणालाच परत नको आहे. पण बाहेरच्या कामाला घरात एक ठरलेली जागा असावी, ही त्यातली समज मोलाची होती. आज साहेब, गिऱ्हाईक, मुख्याध्यापक आणि कर्जाच्या हप्त्याची आठवण करून देणारी कंपनी, सगळे थेट उशाशी येऊन बसतात.

दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्याला ‘कामासाठी वेगळी खोली ठेवा’ असा सल्ला देण्यात अर्थ नाही. मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत ती सोय नाही. आपली ढेळज आता वेळेची आणि बोलीची करावी लागेल. ती एकट्यानं बांधता येत नाही, हे या लेखातलं मुख्य सांगणं आहे. एकट्यानं फोन बाजूला ठेवला तर तो कामचुकार ठरतो. त्याच कार्यालयातल्या दहा जणांनी बसून वेळ ठरवली तर तो रिवाज होतो. म्हणून खाली सेटिंगची माहिती थोडी आणि कुणाशी काय बोलायचं ते जास्त दिलं आहे.

आधी तातडी वेगळी काढा

रात्री फोन बंद करून झोपा, असं मोठ्या शहरांतले तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे ते जमत नाही आणि जमवूही नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जो भूकंप झाला तो लातूर जिल्ह्यातलं कुठलंच घर विसरलेलं नाही. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड भागाला भूकंपाचे धक्के बसले तेव्हा लोक आधी एकमेकांना फोन करत रस्त्यावर आले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत आभाळ कोसळलं, लेंडी प्रकल्पाच्या भागातल्या हसनाळसारख्या गावांत पाणी शिरलं आणि माणसं दगावली. विष्णुपुरी प्रकल्पाचे दरवाजे उघडणार असतील तर गोदाकाठच्या वस्त्यांना ते रात्री दोन वाजताही कळायला हवं. गावी म्हातारे आईवडील एकटे असतील तर त्यांचा फोन लागलाच पाहिजे.

म्हणून फोन चालूच ठेवा, पण गाळणी लावा. अँड्रॉइड फोनमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ नावाची सोय आहे. तिला रात्री नऊ ते सकाळी सहा असं रोजचं वेळापत्रक लावून द्या. मग आई, वडील, भाऊ, गावचे सरपंच, शेजारी अशा पाच-सात जणांच्या नावांना चांदणी लावा आणि फक्त चांदणीवाल्यांचे फोन वाजू द्या. त्याच पानावर ‘पुन्हा फोन करणारे’ असा एक पर्याय असतो. तो चालू असला की चांदणी नसलेल्या माणसानंही पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला तर घंटी वाजते. अपघात झालेला, अडकलेला माणूस दुसऱ्यांदा फोन करतोच. गटावर ‘शुभ रात्री’ टाकणारा करत नाही.

यातूनच पहिला नियम निघतो, आणि तो घरात, शाळेत, दुकानात सगळीकडे सांगून ठेवा: तातडी असेल तर फोन करायचा, तोही दोनदा. नुसता निरोप टाकला असेल तर ते काम सकाळचं समजायचं. हा नियम दोघांनाही सोयीचा आहे. निरोप टाकणाऱ्याला मनात आलेलं लिहून मोकळं होता येतं आणि घेणाऱ्याला जेवता येतं.

‘अतितात्काळ’चा धबधबा

कामानं घर गिळल्याची चर्चा निघाली की डोळ्यांसमोर संगणक कंपनीतला तरुण येतो. नांदेड-लातुरात मला तो दुसऱ्या नंबरवर दिसतो. पहिल्या नंबरवर अंगणवाडी सेविका, आशाताई, जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आणि बाई, ग्रामसेवक आणि तलाठी आहेत. त्यांच्या फोनवर येणाऱ्या निरोपांच्या डोक्यावर बहुतेक वेळा ‘अतितात्काळ’ असं लिहिलेलं असतं. वरून दुपारी माहिती मागितली जाते, जिल्ह्याचं कार्यालय ती संध्याकाळी तालुक्याला मागतं, तालुका केंद्राला, केंद्र शाळेला, आणि बाईंच्या फोनवर तो निरोप येईपर्यंत त्या तव्यावर भाकरी टाकून उभ्या असतात. यात कुणी एक जण दुष्ट नाही. प्रत्येक पायरीवरचा माणूस आपल्यावरचं ओझं खालच्या पायरीवर ठेवून झोपायला जातो, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बहुतेक वेळा बाई असते.

२०२१ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले होते. फोन कमी क्षमतेचे होते, तापत होते, बंद पडत होते आणि ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप इंग्रजीत होतं. काम अडलं की सेविका घरच्या फोनवर, घरच्या पैशानं भरलेल्या नेटवर, लेकरांच्या अभ्यासाच्या वेळेत माहिती भरत. त्या आंदोलनाकडे लोकांनी यंत्राची तक्रार म्हणून पाहिलं. मला ती घराच्या उंबरठ्याची तक्रार वाटते. एका गॅलरीत लेकराच्या वाढदिवसाचे फोटो आणि त्यांच्या शेजारी वजनकाट्यावर ठेवलेल्या कुणाच्या तरी बाळाचा फोटो, असं आजही कितीतरी फोनमध्ये असतं.

या मंडळींनी काय करावं?

हाती काही नियम आहेत, ते माहीत असू द्या. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा अशी ठरली. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमानुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. हे कलम भांडणासाठी वापरू नका. बैठकीत शांतपणे वाचून दाखवण्यासाठी वापरा, आणि एकट्यानं न वाचता केंद्रातल्या सगळ्यांनी मिळून वाचा.

नकाराची भाषा शोधण्यापेक्षा वेळेची भाषा वापरा. ‘जमणार नाही’ म्हटलं की संवाद तुटतो. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘सर, माहिती उद्या सकाळी साडेअकरापर्यंत पाठवते. आजच हवी असेल तर त्यातला कोणता भाग लागणार आहे तेवढं कळवावं, तो आत्ता देते.’ यात आदर आहे, वेळ आहे आणि एक प्रश्नही आहे. अनेकदा त्या प्रश्नावरच कळतं की सगळा तक्ता नकोच होता, एक आकडा पुरेसा होता.

कामाच्या गटांची फोटो आपोआप साठवण्याची सोय बंद करा. व्हॉट्सॲपमध्ये गटाच्या नावावर टिचकी मारली की ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ दिसते, तिथं ‘नाही’ निवडा. लाभार्थ्यांचे आधार, बँक पासबुकाचे फोटो काम झालं की काढून टाका. घरातली लेकरं तोच फोन खेळायला घेतात, हे विसरू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला तो याच गोष्टींसाठी. आणि गटावर लग्नपत्रिका, वाहनाचं चलन किंवा पीएम किसानची यादी या नावानं ‘एपीके’ फाइल आली तर ती मुळीच उघडू नका. पत्रिका कधी एपीके नसते. ती उघडली की घरचं बँक खातं आणि कामाचा गट दोन्ही एका दमात चोराच्या हाती जातात. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या तासाभरात सांगितलं तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

अधिकारी हा लेख वाचत असतील तर त्यांना हात जोडून एक विनंती. रात्री सुचलेला निरोप लिहा, पण पाठवू नका. मसुदा म्हणून ठेवा आणि सकाळी दहाला पाठवा. ईमेल असेल तर त्यात ठरलेल्या वेळी पाठवायची सोय असते. तुमच्यासाठी तो दहा सेकंदांचा निरोप असतो, खालच्या चाळीस शाळांसाठी ती रात्र असते.

पुण्या-हैदराबादची नोकरी, नांदेडचं घर

२०२० च्या टाळेबंदीत पुणे आणि हैदराबादहून परतलेली बरीच तरुण मंडळी आपल्या गावी राहून कामं करू लागली, आणि त्यातली काही इकडेच राहिली. आईवडिलांजवळ राहायला मिळतं, भाडं वाचतं, ही मोठी गोष्ट आहे. पण घरच्यांच्या दृष्टीनं हा मुलगा किंवा सून ‘घरीच’ असते. सिलिंडरवाला आला, मामा तालुक्याहून आले, दळण आणायचं आहे, लाइनमन मीटर बघायला आलाय, सगळ्यांना तोच दिसतो. त्यात कंपनी परदेशातल्या वेळेनं चालत असेल तर इकडे संध्याकाळची आरती आणि तिकडे बैठक एकाच वेळी येते.

इथं कंपनीशी बोलण्याआधी घरात बोला. लॅपटॉप उघडण्यापूर्वी एकदा सगळ्यांना एकत्र बसवून दिवसाचं वेळापत्रक सांगा, आणि ते तोंडी न ठेवता दिनदर्शिकेशेजारी भिंतीवर लावा. आईला कळणारी खूण ठरवा. कानाला मोठा हेडफोन असेल तर बैठक चालू, लहान असेल तर काम चालू पण बोलता येईल, काहीच नसेल तर मी तुमचा. खुणा जितक्या साध्या तितक्या टिकतात. वेगळी खोली नसेल तर कोपरा एकच ठेवा आणि काम संपलं की लॅपटॉप पिशवीत घालून कपाटात ठेवा. उघडा लॅपटॉप दिसत राहिला की हात त्याच्याकडे जातो.

सुनेचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मोकळेपणानं बोलायला हवा. नवरा घरून काम करतो तेव्हा घर गप्प बसतं. सून घरून काम करते तेव्हा बैठकीच्या मधल्या दहा मिनिटांत तिनं चहा टाकावा अशी अपेक्षा असते. मग तिचे तास कंपनीही मोजत नाही आणि घरही मोजत नाही. यावर कुठलं ॲप काम करत नाही. नवऱ्यानं आपल्या तोंडानं आईला सांगावं लागतं: ‘आई, अकरा ते एक तिला हाक मारू नका, काही लागलं तर मला सांगा.’ हे वाक्य सुनेच्या तोंडून आलं तर उद्धटपणा ठरतो. मुलाच्या तोंडून आलं तर व्यवस्था ठरते. अन्याय आहे, पण सध्या हाच रस्ता चालतो. सासूबाईंचीही बाजू आहे. त्यांना दिवसभर घरात माणसं असूनही कुणी बोलायला नसतं. दुपारचं जेवण सगळ्यांनी एकत्र आणि फोन बाजूला ठेवून घ्यायचं, असं ठरवलं तर निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली पोरं मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. रजा घेतली असेल तर ती रजाच ठेवा. जाण्याआधी कोणतं काम कुणाकडे सोपवलं ते चार ओळींत लिहून पाठवा आणि त्या माणसाचा नंबर द्या. तेवढं केलं की ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणून येणारे बहुतेक फोन त्याच्याकडे वळतात.

मोंढा, दुकान, दवाखाना

आडत्याला, किराणावाल्याला, डॉक्टरला गिऱ्हाईक तोडता येत नाही. त्यांच्यासाठी उपाय सोपा आहे: धंद्याचा नंबर वेगळा. नवा फोन लागत नाही. दुसरं सिम घ्या आणि त्याच्यावर व्हॉट्सॲपची व्यवसायासाठीची आवृत्ती टाका. दुकान बंद असताना आपोआप जाणारा निरोप तिच्यात लिहून ठेवता येतो: ‘दुकान सकाळी नऊला उघडेल. आजचा सोयाबीनचा भाव सकाळच्या सौद्यानंतर कळवू.’ लातूरच्या बाजारात सोयाबीन आणि तुरीचा भाव सौदा झाल्यावरच कळतो. रात्री अकरा वाजता तो विचारणारा शेतकरी चिंतेत असतो, त्याला उत्तर हवं असतं, आणि हे उत्तर खरं असतं. डॉक्टरांनी त्या निरोपात जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयाचा नंबर आणि १०८ जरूर टाकावा. शेतकऱ्याच्या बाजूनंही एक अडचण ध्यानात घ्या. पीकविम्याची आणि ई-पीक पाहणीची माहिती ठरल्या मुदतीत भरावी लागते. त्याचा फोन हेच त्याचं कार्यालय आहे. गावातल्या जाणत्या पोरांनी हे काम आठवड्यातल्या एका संध्याकाळी पारावर बसून सगळ्यांचं एकदम करून दिलं तर घरोघरची रात्रीची धांदल वाचेल.

लातूरच्या लेकरांसाठी

लातूरच्या शिकवणी वर्गांच्या ‘ट्यूशन एरिया’तल्या वसतिगृहात राहणाऱ्या पोरापोरींचं घर, वर्ग आणि बाजार तिन्ही एका फोनमध्ये असतात. सकाळी त्याच्यावर हजेरीचा निरोप घरी जातो, दुपारी चाचणीचे गुण आईवडिलांना कळतात, रात्री शंका विचारण्याचा गट चालू असतो आणि मध्येच रील. पोर अभ्यास करतंय की भरकटलंय हे त्याचं त्यालाच कळत नाही.

पालकांनो, रोजच्या व्हिडिओ कॉलची वेळ ठरवा आणि त्यात गुण विचारू नका. जेवण काय होतं, पाणी चांगलं येतं का, कोण मित्र झाले, एवढं विचारा. गुणांचं बोलणं आठवड्यातून एकदा, रविवारी. रात्री दीडला लेकरू ‘ऑनलाइन’ दिसतंय म्हणून लगेच फोन करू नका. ते पाहत बसणं ही पाळत आहे, आणि पोरं पाळत ओळखतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ आवाजात विचारलेला प्रश्न जास्त कामाचा असतो. शिकवणीवाल्या सरांनी शंकांचा गट रात्री दहाला बंद करावा. त्या गटात फक्त ॲडमिननं लिहायचं अशी सोय असते, ती दहा वाजता लावायची आणि सकाळी काढायची. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शिकवणी दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नसावी आणि फार पहाटे किंवा फार उशिरा नसावी असं म्हटलं आहे. फोनवरची शिकवणीही त्यातच धरायला हवी, असं माझं मत आहे.

विद्यार्थ्यांनो, अभ्यासिकेत फोन खिशात ठेवू नका. दप्तरात, आवाज बंद करून, खुर्चीपासून दूर ठेवा. एवढं पुरतं.

एसटीत आणि रेल्वेत

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोह्यामार्गे नांदेडला जाणारी एसटी म्हणजे अपडाऊन करणाऱ्यांचं चालतं-फिरतं कार्यालय झालं आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झाल्यावर नोकरदार बायकांची गर्दी वाढली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच बसमध्ये कुणी स्पीकरवर विद्यार्थ्याचा आधार क्रमांक वाचून दाखवतं, कुणी बँकेचा ओटीपी मोठ्यानं सांगतं, कुणी घरातलं भांडण चाळीस अनोळखी माणसांसमोर भांडतं. घर बाहेर सांडण्याचा हा प्रकार कामानं घरात शिरण्याइतकाच घातक आहे.

बसमध्ये बोलायचंच असेल तर स्पीकर लावू नका, आणि नंबर असलेलं काहीही बोलू नका. ‘उतरल्यावर सांगते’ हे तीन सेकंदांत म्हणता येतं. रेल्वेनं २०२२ मध्ये रात्री दहानंतर डब्यात मोठ्यानं बोलणं आणि हेडफोनशिवाय गाणी लावणं बंद करण्याच्या सूचना दिल्या आहेत. लातूर एक्स्प्रेसमध्ये कुणी ऐकत नसेल तर वाद न घालता तिकीट तपासनिसांना सांगा. अनोळखी माणसाचा, विशेषतः बाईचा किंवा लेकराचा, व्हिडिओ काढून गटावर टाकणं तर कधीच नको. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे, आणि बसमध्ये बसलेला माणूस तो हक्क स्टँडवर ठेवून येत नाही. घरावर कॅमेरा बसवत असाल तर शेजारणीचं अंगण आणि दार त्यात दिसणार नाही असा कोन लावा, आणि बसवण्याआधी तिला सांगा.

गावानं मिळून ठरवलं तर

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव हे गाव आहे. टाळेबंदीनंतर लेकरं अभ्यासाला बसत नाहीत, माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, हे पाहून ऑगस्ट २०२२ मध्ये गावानं ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा सुरू. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेनं १८ वर्षांखालच्यांना मोबाइल वापरायला बंदी करणारा ठराव केला.

दोन्ही गावांचा हेतू चांगला होता, पण मला वडगावचा मार्ग पटतो. तिथं भोंगा मोठ्यांनाही लागू आहे. बापानं रील पाहत बसायचं आणि पोरानं पुस्तक धरायचं, हे कुठल्याच ठरावानं टिकत नाही. शिवाय दीड तास ही झेपणारी गोष्ट आहे. आपल्या गावात हे करायचं असेल तर आधी ग्रामसभेत मांडा, आशाताई आणि अंगणवाडीताई यांना त्या दीड तासात कामाचे निरोप येणार नाहीत असं तालुक्याला लेखी कळवा, आणि पूर-पावसाच्या दिवसांत भोंगा थांबवा. शहरात भोंगा जमणार नाही. तिथं एका इमारतीनं, एका गल्लीनं सुरुवात करावी.

कायद्याची वाट पाहत बसू नका. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. पण संसदेत खासगी सदस्याचं विधेयक मंजूर होऊन कायदा झाला तो शेवटचा प्रसंग १९७० चा आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून अशी तरतूद आहे. फ्रान्सनं सगळ्यांसाठी एकच वेळ ठरवून दिली नाही. मोठ्या कंपन्यांनी कामगारांशी बसून वेळ ठरवावी, एवढंच बंधन घातलं. बसून ठरवायला आपल्याला कायदा लागत नाही. खासगी दुकानात किंवा कंपनीत असाल तर मात्र महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लक्षात ठेवा. जादा कामाला दुप्पट मोबदला त्यात आहे, आणि रात्री घरून भरलेला तक्ता हेही कामच आहे. किती वाजता काय केलं याची नोंद ठेवली तरच ते मागता येतं.

गटाच्या वर्णनात टाकता येईल असा मजकूर खाली देतो. गावाचं, शाळेचं, दुकानाचं नाव घालून, हवे ते बदल करून वापरा.

‘हा गट कामाचा आहे. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा या वेळेत निरोप टाकावेत. त्यानंतर आलेल्या निरोपाला दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत उत्तर दिलं तरी चालेल. पाऊस, पूर, अपघात, आजारपण असेल तर गटावर न लिहिता थेट फोन करावा, न उचलल्यास लगेच दुसऱ्यांदा करावा. माहिती मागताना ती कशासाठी आणि कधीपर्यंत हवी ते लिहावं. आधार, बँक खातं आणि लहान मुलांचे फोटो गटावर टाकू नयेत. शुभेच्छा आणि फॉरवर्ड दुसऱ्या गटावर टाकावेत.’

गटात पदानं सगळ्यात मोठा जो असेल, साहेब, मुख्याध्यापक, मालक किंवा सरपंच, त्याच्या नंबरवरून हा मजकूर टाकला जावा. त्याच्याकडे तो घेऊन जाताना एकटे जाऊ नका, तिघं-चौघं मिळून जा, आणि शक्यतो सोमवारी सकाळी जा.